सेलम नगरपालिका ते मद्रासचे मुख्यमंत्रिपद : चक्रवर्ती राजगोपालाचारी

चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव उच्चारताच स्वतंत्र भारताचे एकमेव भारतीय गव्हर्नर जनरल ही त्यांची ओळख प्रथम आठवते. गांधीजींचे व्याही, फाळणीची अपरिहार्यता इतरांच्या आधी बोलून दाखविणारे काँग्रेस नेते, उतारवयात नेहरूंच्या धोरणाविरुद्ध स्वतंत्र पक्ष उभा करणारे टीकाकार या त्यांच्या आणखी काही ओळखी. तमिळ वाचकांच्या दृष्टीने ते रामायण-महाभारताचे कथनकारही आहेत. या सर्व ओळखींच्या गर्दीत त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ ज्या पदाने झाला, त्याचा बहुधा विसर पडतो. ते पद सेलम नगरपालिकेच्या सभासदाचे होते. पुढे दोन वेळा मद्रासचे शासन त्यांच्या हाती आले. त्या दोन्ही कारकिर्दींचे यश व अपयश नीट समजावून घ्यावयाचे असेल, तर सेलमकडेच वळावे लागते. कारण राज्यकारभाराची जी कल्पना त्यांनी तेथे मनाशी बांधली, ती त्यांना अखेरपर्यंत सुटली नाही.

त्यांचा जन्म १८७८ च्या डिसेंबरमध्ये होसूरजवळील तोरापल्ली या खेड्यात झाला. हे गाव त्या वेळी सेलम जिल्ह्यात होते. आज ते कृष्णगिरी जिल्ह्यात मोडते. तमिळ, तेलुगू आणि कन्नड या तीन भाषांच्या सीमा जेथे एकमेकींत मिसळतात, असा हा प्रदेश. वडील चक्रवर्ती वेंकटार्य अय्यंगार हे गावचे मुन्सिफ होते. मराठी मुलखातील पाटलाशी जुळते असे हे काम : सारा गोळा करावा, लहानसहान तंटे मिटवावेत, सरकार आणि रयत यांच्यामध्ये उभे राहावे. मुलाचे शिक्षण प्रथम गावात, मग होसूरला, पुढे बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजात झाले आणि कायद्याची पदवी त्यांनी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून घेतली. विसावे शतक उजाडत असताना त्यांनी सेलममध्ये वकिली सुरू केली. फौजदारी खटल्यांत त्यांचा लौकिक झपाट्याने वाढला. युक्तिवाद थोडक्यात मांडावा, भावनेला हात न घालता साक्षीतील विसंगती उघडी करावी, ही त्यांची पद्धत. पुढे विधिमंडळात आणि लेखनातही हीच पद्धत दृष्टीस पडते.

सेलम हे त्या काळी विणकरांचे आणि व्यापाऱ्यांचे गाव होते. वस्त्या जातवार, अग्रहार वेगळा आणि अस्पृश्यांची वस्ती गावकुसाबाहेर. पाण्याची टंचाई होती आणि ताडीचे गुत्ते गावोगाव होते. राजगोपालाचारी १९११ मध्ये नगरपालिकेचे सभासद झाले आणि १९१७ ते १९१९ या काळात अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या वेळच्या नगरपालिकांना अधिकार थोडे आणि उत्पन्न त्याहून थोडे असे. घरपट्टी, पाणी, दिवे, गटारे, प्राथमिक शाळा आणि रोगराई एवढ्यात त्यांचा संसार आटोपत असे. परंतु याच लहान संसारात समाजाचे सारे मोठे प्रश्न प्रत्यक्ष उभे राहत. सार्वजनिक नळ म्हटला की त्यावर कोणी पाणी भरावयाचे हा प्रश्न आलाच. शाळा म्हटली की कोणाच्या मुलाने कोठे बसावयाचे हाही आलाच. राजगोपालाचारींनी हे प्रश्न टाळले नाहीत. दलित समाजातील पहिला सभासद सेलम नगरपालिकेत आला तो त्यांच्या प्रयत्नाने. अय्यंगार कुळात जन्मलेल्या, भरभराटीची वकिली करणाऱ्या माणसाने हे करावे, ही गोष्ट सनातनी मंडळींना रुचण्यासारखी नव्हती. तथापि नियमाने जे योग्य, ते लोकांना आवडो वा न आवडो, करून टाकावे, असा त्यांचा बाणा होता. या बाण्याचे मोल सेलममध्ये निर्विवाद होते. त्याची दुसरी बाजू दिसावयास आणखी वीस वर्षे जावी लागली.

याच वर्षांतील त्यांचे आणखी एक कार्य साहित्याच्या अभ्यासकांना विशेष महत्त्वाचे वाटावे. १९१६ मध्ये त्यांनी तमिळ शास्त्रीय परिभाषेसाठी एक मंडळ स्थापन केले. वनस्पतिशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान, ज्योतिष, गणित या विषयांतील संज्ञांना तमिळ शब्द शोधावेत, हा त्याचा हेतू. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी अलमेलु मंगम्मा निवर्तल्या होत्या आणि पाच मुलांचा भार एकट्यावर आला होता. अशा मनःस्थितीतही हे काम उभे राहिले. यामागील विचार सरळ होता. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला शास्त्र कळू शकते. त्याला अडते ते शब्दापाशी. तो शब्द त्याला दिला की उरलेले काम त्याची बुद्धी करील. पुढे त्यांनी घराच्या ओट्यावर बसून सांगावे अशा सोप्या रीतीने रसायनशास्त्राची ओळख करून देणारे एक पुस्तकही तमिळमध्ये लिहिले आणि त्याच्या नावातच 'तिण्णै', म्हणजे ओटा, हा शब्द घातला. सॉक्रेटिस, मार्कस ऑरेलियस आणि उपनिषदे यांनाही त्यांनी याच ओट्यावर आणले. सामान्य वाचकाच्या समजशक्तीवरील हा विश्वास त्यांच्या साऱ्या लेखनाचा पाया होय.

१९१९ मध्ये ते सेलम सोडून मद्रासला राहावयास गेले. त्याच वर्षी रौलट कायद्याविरुद्ध देश जागा करण्यासाठी गांधीजी मद्रासला आले आणि त्यांच्याकडे उतरले. देशभर हरताळ पाळण्याची कल्पना गांधीजींना तेथेच सुचली आणि ती त्यांनी प्रथम बोलून दाखविली ती आपल्या यजमानापाशी. पुढल्या वर्षी राजगोपालाचारींनी वकिली सोडली. सेलम परिसरातील त्यांच्या स्नेहीमंडळात तेव्हा दोन नावे ठळक होती : ज्यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी बचावाचे काम पाहिले ते पी. वरदराजुलु नायडू, आणि शेजारच्या ईरोड नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले ई. व्ही. रामस्वामी नायकर, म्हणजे पुढील काळातील पेरियार. दोन शेजारच्या गावांचे दोन नगराध्यक्ष एकाच सुमारास गांधीजींच्या चळवळीत आले. त्यांपैकी एक पुढे मद्रास प्रांताचा प्रमुख होणार होता आणि दुसरा त्याच्याच राज्यात तुरुंगात जाणार होता.

१९२१ च्या अखेरीस राजगोपालाचारी वेल्लोरच्या तुरुंगात गेले. तेथील तीन महिन्यांत त्यांनी लिहिलेली रोजनिशी हा त्यांच्या विचाराचा मोलाचा पुरावा आहे. स्वातंत्र्याच्या स्वप्नात सारे रमले असताना, स्वराज्य येताच सुख येईल अशा भ्रमात राहू नये, निवडणुकांतील भ्रष्टता, अन्याय, श्रीमंतांची सत्ता आणि अकार्यक्षम कारभार यांचाच अनुभव आधी येईल, असे त्यांनी तेथे नोंदविले. हे भाकीत द्रष्टेपणाचे म्हणून पुष्कळदा गौरविले जाते. परंतु नगरपालिकेचा कारभार आतून पाहिलेल्या माणसाचा तो साधा अनुभवही असू शकतो. निवडणूक कशी लढविली जाते आणि कंत्राट कोणाकडे जाते, हे त्याने पाहिलेले होते.

१९२२ मध्ये गया येथील काँग्रेस अधिवेशनात कायदेमंडळात जावे की न जावे हा वाद पेटला. कायदेमंडळावरील बहिष्कार चालू ठेवावा, अशा मताच्या नाफेरवाद्यांचे नेतृत्व राजगोपालाचारींनी केले. विरुद्ध बाजूस चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू होते आणि महाराष्ट्रात तो पक्ष न. चिं. केळकरांनी उचलून धरला होता. येथे एक तुलना सुचते. केळकरही पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झालेले, तेही वकील, तेही आपल्या भाषेतील नामवंत लेखक. दोघांची राजकीय वाट या क्षणी परस्परविरुद्ध होती. तरी म्युनिसिपालिटीच्या जमाखर्चाने शिकविलेला व्यवहारीपणा आणि साहित्याची ओढ एका माणसात एकत्र नांदू शकतात, हे दोघांच्याही चरित्रांवरून दिसते.

पुढे १९२५ मध्ये त्यांनी तिरुच्चेंगोडजवळील पुदुपाळयम् येथे गांधी आश्रम काढला आणि मुलांसह तेथेच राहावयास गेले. खादी, अस्पृश्यतानिवारण आणि दारूबंदी ही आश्रमाची कामे. १९२९ मध्ये तेथूनच त्यांनी दारूबंदीच्या प्रचारासाठी 'विमोचनम्' हे तमिळ मासिक सुरू केले. संपादनात साहाय्य करावयास एक तरुण लेखक होता, तो रा. कृष्णमूर्ती. 'कल्की' या टोपणनावाने पुढे तमिळ ऐतिहासिक कादंबरीत त्याने युग निर्माण केले. मासिकाचे अंक मोजकेच, दहाच निघाले. परंतु आधुनिक तमिळ गद्याच्या इतिहासात या आश्रमातील सहवासाला स्थान आहे. राजाजींच्या लघुकथांचे विश्वही याच खेड्यांत आकाराला आले. 'दिक्कट्र पार्वती' या कथेत ताडी आणि कर्ज यांच्या फेऱ्यात सापडून एका शेतकरी स्त्रीचा संसार उद्ध्वस्त होतो. तिच्यावर आधारलेला तमिळ चित्रपट १९७४ मध्ये निघाला. कथाकार म्हणून ज्या दोन गोष्टींनी त्यांना अस्वस्थ केले, त्याच दोन गोष्टींवर, दारूवर आणि कर्जावर, शासनकर्ता म्हणून त्यांनी पहिला घाव घातला. कथा आणि कायदा यांचे इतके जवळचे नाते भारतीय साहित्यात क्वचितच आढळते.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तिरुच्चिरापल्लीहून वेदारण्यमपर्यंत पदयात्रा नेली. १९३२ मध्ये येरवड्याला गांधीजींचे उपोषण चालू असताना काँग्रेस आणि आंबेडकर यांच्यात तडजोड घडविणाऱ्यांत ते एक होते. करारावर सह्या झाल्यावर त्यांनी आणि आंबेडकरांनी एकमेकांची लेखणी बदलून घेतली. हा प्रसंग लहान खरा. पण तो करार हातचा राखून झाला, अशी शंका असणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा आणि केवळ लेखण्या बदलून प्रश्न सुटला नाही, हेही विसरू नये.

१९३७ च्या निवडणुकीत मद्रास विधानसभेच्या २१५ जागांपैकी १५९ जागा काँग्रेसला मिळाल्या. १४ जुलै १९३७ रोजी राजगोपालाचारी प्रांताचे मुख्य प्रधान झाले. या पदाला त्या वेळी प्रीमियर म्हणत. सत्तेवर येताच त्यांनी ज्या तऱ्हेने कामाला हात घातला, ती तऱ्हा सेलमच्या नगराध्यक्षाचीच होती. त्यांनी आधी जमाखर्च पाहिला. १ ऑक्टोबर १९३७ रोजी दारूबंदी लागू झाली ती आपल्या सेलम जिल्ह्यातच. पुढील वर्षी चित्तूर आणि कडप्पा, १९३९ मध्ये उत्तर आर्काट. अबकारी हे प्रांताच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. ते स्वतःच्या हाताने तोडावयाचे, तर तूट कोठून भरावयाची? यासाठी १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आणला गेला. वस्तूंच्या विक्रीवर सरसकट कर बसविण्याचा भारतातील हा पहिला कायदा. व्यापाऱ्यांनी विरोध केला, पण कर टिकला आणि कालांतराने भारतातील सर्व राज्यांच्या उत्पन्नाचा तो आधारस्तंभ झाला. मद्यपींचे घर वाचविण्यासाठी योजलेला उपाय राज्यांच्या तिजोऱ्या भरणारा ठरला, आणि ज्या दारूबंदीसाठी तो आला ती मात्र पुढे बहुतेक ठिकाणी गेली.

१९३८ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याने थकलेल्या व्याजाचा बोजा मोठ्या प्रमाणात हलका केला. अस्पृश्यांवरील सार्वजनिक निर्बंध दूर करणारा कायदा त्याच वर्षीचा. ८ जुलै १९३९ रोजी मदुरेच्या मीनाक्षी मंदिरात ए. वैद्यनाथ अय्यर यांनी दलित बांधवांसह प्रवेश केला. या धाडसाबद्दल मंदिराच्या विश्वस्तांवर आणि अधिकाऱ्यांवर खटले होण्याचा संभव होता. राजगोपालाचारींनी वेळ न दवडता कायद्याचे संरक्षण उभे केले. सेलममध्ये नगरपालिकेच्या दारात जे सुरू झाले होते, ते येथे मंदिराच्या दारात पोहोचले.

परंतु याच कारकिर्दीत त्या बाण्याची दुसरी बाजूही उघड झाली. एप्रिल १९३८ मध्ये सरकारने १२५ माध्यमिक शाळांत हिंदुस्थानी हा विषय सक्तीचा केला. राष्ट्राला एक समान भाषा हवी आणि दक्षिणेच्या मुलांना उत्तरेत नोकरी-व्यवसायाची संधी मिळावी, असे त्यामागील समर्थन होते. हेतू वाईट म्हणता येणार नाही. मात्र ज्यांच्या मुलांनी ही भाषा शिकावयाची, त्यांची संमती घेण्याची आवश्यकता सरकारला वाटली नाही. विरोध उसळला. त्यात पेरियार होते, तमिळ पंडित होते, शैव मठांशी संबंधित विद्वान होते आणि मोठ्या संख्येने स्त्रियाही होत्या. निदर्शकांवर क्रिमिनल लॉ अमेंडमेंट ॲक्ट लागू करण्यात आला. हाच कायदा ब्रिटिशांनी काँग्रेसच्या सत्याग्रहींविरुद्ध वापरला होता आणि तेव्हा काँग्रेसने त्याचा धिक्कार केला होता. हजाराहून अधिक लोक तुरुंगात गेले. पेरियारांनाही शिक्षा झाली. नटराजन आणि तालमुत्तु हे दोन तरुण १९३९ च्या आरंभी कैदेत असताना मरण पावले. तमिळ भाषिकांच्या स्मृतीत ही दोन नावे हुतात्म्यांची म्हणून कोरली गेली. ऑक्टोबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि फेब्रुवारी १९४० मध्ये गव्हर्नरांनी सक्ती मागे घेतली.

तमिळमध्ये शास्त्र यावे म्हणून शब्द जमविणारा माणूस तमिळद्वेष्टा म्हणून ओळखला जावा, ही विसंगती क्लेशकारक आहे. तिचा उलगडा हेतूंच्या चिकित्सेने होत नाही. तो पद्धतीत शोधावा लागतो. लेखक म्हणून ते वाचकाच्या ओट्यावर जाऊन बसत, त्याला समजेल अशा भाषेत बोलत आणि पटवून देईपर्यंत थांबत. शासनकर्ता म्हणून मात्र स्वतःला पटले म्हणजे पुरे, असे ते समजत. नळाचा आणि मंदिराचा प्रश्न न्यायाचा होता. तेथे बहुमताची वाट पाहणे हा अन्यायच ठरला असता. मुलाने कोणती भाषा शिकावी हा प्रश्न त्या जातीचा नव्हता. दोहोंतील हा भेद त्यांनी ओळखला नाही.

१९४० नंतरची दहा वर्षे ही प्रांतीय राजकारणापासून दूरची आहेत. त्यांचा येथे केवळ निर्देश पुरे. पाकिस्तानची मागणी तत्त्वतः मान्य करून मुस्लिम लीगशी समझोता करावा, हे मत त्यांनी १९४२ मध्ये मांडले आणि त्यापायी ते काँग्रेसबाहेर पडले. छोडो भारत आंदोलनालाही त्यांचा विरोध होता. १९४४ मध्ये मुंबईत गांधी-जिना वाटाघाटी झाल्या, त्यांचा आधार राजाजींनी तयार केलेली योजनाच होती. हंगामी सरकारातील मंत्रिपद, पश्चिम बंगालचे राज्यपालपद, जून १९४८ ते जानेवारी १९५० या काळातील गव्हर्नर जनरलपद, सरदार पटेलांच्या मृत्यूनंतर केंद्रीय गृहमंत्रिपद, ही पदे त्यांना क्रमाने लाभली. एवढे सर्व झाल्यावर वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ते पुन्हा मद्रासच्या राज्यकारभारात परतले.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मद्रास विधानसभेच्या ३७५ जागांपैकी काँग्रेसला १५२ च मिळाल्या. टी. प्रकाशम् यांच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्टांसह विरोधकांची आघाडी सत्तेवर हक्क सांगत होती. अशा वेळी काँग्रेसने राजाजींना पाचारण केले. त्यांनी निवडणूक लढविली नव्हती. राज्यपाल श्रीप्रकाश यांनी त्यांची विधान परिषदेवर नियुक्ती केली आणि १० एप्रिल १९५२ रोजी ते मुख्यमंत्री झाले. कॉमनवील पक्षासारख्या लहान गटांना जवळ करून त्यांनी बहुमत जुळविले. मतदारांपुढे न जाता मुख्यमंत्री होणे घटनेला धरून होते. पण प्रौढ मताधिकाराच्या पहिल्याच प्रयोगात असा पायंडा पडावा याविषयी तेव्हाही नाराजी होती. राजाजींना त्यात गैर वाटले नाही. घर विस्कटले आहे, ते सावरावयाचे आहे, एवढेच त्यांनी पाहिले.

सावरण्याचे काम त्यांनी वेगाने केले. जून १९५२ मध्ये त्यांनी धान्यावरील नियंत्रणे उठविली. भाव भडकतील अशी भीती घातली जात होती. प्रत्यक्षात बाजार स्थिरावला आणि शिधावाटपाच्या रांगांना कंटाळलेले लोक सुखावले. तंजावर जिल्ह्यातील कुळांना आणि पण्णैयाळ नावाच्या शेतमजुरांना संरक्षण देणारा वटहुकूम त्याच वर्षीचा. धोतरे आणि साड्या यांचे उत्पादन हातमागासाठी राखून ठेवावे, असा आग्रह त्यांनी केंद्राकडे धरला. सेलमच्या विणकरवस्त्या या माणसाच्या डोळ्यांपुढून गेल्या नव्हत्या. पोट्टी श्रीरामुलु यांच्या डिसेंबर १९५२ मधील आत्मबलिदानानंतर १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य वेगळे झाले. मद्रास शहर तमिळ भागाकडे राहावे म्हणून राजाजी खंबीर उभे राहिले आणि ते राहिले. परंतु आंध्रचे आमदार निघून गेल्याने विधिमंडळ पक्षातील त्यांचा आधार कमी झाला आणि कामराजांचे बळ वाढले.

याच सुमारास प्राथमिक शिक्षणाची सुधारित योजना पुढे आली आणि तिनेच त्यांच्या राजकीय जीवनाचा हा अध्याय संपविला. योजना समजावून घेण्यासारखी आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना शिक्षण द्यावे, असे राज्यघटना सांगत होती. खेड्यांतील शाळा आणि शिक्षक अपुरे होते आणि पैसा नव्हता. तेव्हा ग्रामीण शाळांत मुलांच्या दोन पाळ्या कराव्यात, प्रत्येक मुलाने रोज सुमारे तीन तास शाळेत बसावे आणि उरलेला वेळ आईवडिलांच्या कामात मदत करून त्यांचा व्यवसाय शिकावा, अशी ती मांडणी होती. त्याच इमारतीत, त्याच शिक्षकांकडून दुप्पट मुले शिकतील, हा हिशेब बिनतोड होता. सेलमच्या अर्थसंकल्पाशी वर्षानुवर्षे झगडलेल्या नगराध्यक्षाला तो सुचावा यात नवल नाही. अंगमेहनतीला शिक्षणात मान असावा, हा गांधीजींचा विचारही त्यात होता.

मात्र त्या हिशेबात जात नव्हती. कुंभाराच्या मुलाने बापाकडे कुंभारकाम शिकावे, हे ऐकावयास निरुपद्रवी वाटते. न्हाव्याच्या, परटाच्या, मैला वाहणाऱ्याच्या आणि चामडे कमावणाऱ्याच्या घरी हेच वाक्य कसे ऐकू येईल, हा प्रश्न योजनाकारांनी विचारला नाही. शाळा ही या घरांना पिढीजात धंद्यातून बाहेर पडण्याची एकमेव वाट होती. ती अर्धी बुजविली जात आहे, असे त्यांना वाटले. विरोधकांनी योजनेला कुलकल्वी तिट्टम्, म्हणजे कुळपरंपरेच्या शिक्षणाची योजना, असे नाव दिले. शब्दांचे सामर्थ्य जाणणाऱ्या लेखकाला एका शब्दानेच पराभूत केले. द्रविड कळघम, द्रविड मुन्नेत्र कळघम, कम्युनिस्ट आणि खुद्द काँग्रेसमधील मोठा गट विरोधात गेला. योजना जाहीर होण्यापूर्वी पक्षात वा विधानसभेत तिची चर्चा झालेली नव्हती, ही तक्रार सर्वांचीच होती.

विधानसभेने योजना तज्ज्ञ समितीकडे सोपविण्याचा आग्रह धरला. समितीचे अध्यक्षपद मुंबईचे शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांच्याकडे आले. निरक्षरता आणि प्राथमिक शिक्षणाचा खर्च या विषयांचा त्यांचा व्यासंग मराठी वाचकांना परिचित आहे. समितीने योजना मूलतः ग्राह्य ठरविली. परंतु प्रश्न आता शिक्षणशास्त्राचा उरला नव्हता. तज्ज्ञांचा अनुकूल अहवाल हाती आला आणि लोकांचा विश्वास मात्र हातून गेला, अशी अवस्था झाली. योजना मागे घेण्याची तयारी राजाजींनी दाखविली नाही; प्रकृतीचे कारण देऊन ते पायउतार झाले. १३ एप्रिल १९५४ रोजी कामराज मुख्यमंत्री झाले आणि पुढल्याच महिन्यात योजना रद्द झाली. स्वतः फारसे शालेय शिक्षण न लाभलेल्या कामराजांनी त्यानंतर खेडोपाडी शाळा उघडल्या आणि मुलांना दुपारचे जेवण दिले. गरीब आईबाप मुलाला शाळेत का पाठवीत नाहीत याची दोघांनी दोन उत्तरे दिली. मुलाच्या हातांची घरी गरज असते, हे राजाजींना दिसले. मुलाच्या पोटाची गरज कामराजांना दिसली.

पद सुटल्यावर राजाजी आपल्या दुसऱ्या कामाकडे वळले. महाभारत त्यांनी 'व्यासर् विरुंदु' या नावाने आधीच तमिळमध्ये सांगितले होते. त्याचे इंग्रजी रूप भारतीय विद्या भवनाने १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. आता कृष्णमूर्तींच्या 'कल्की' साप्ताहिकातून रामायणाची लेखमाला प्रसिद्ध होऊ लागली. तीच 'चक्रवर्ती तिरुमगन'. १९५८ मध्ये या ग्रंथाला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. कथा वाल्मीकीची आहे. पण सांगता सांगता कंबन येतो, तुलसीदास येतो, आणि एकाच प्रसंगाकडे तिन्ही कवी कसे वेगळे पाहतात हे कोणतीही शास्त्रीय परिभाषा न वापरता वाचकाला कळते. तौलनिक साहित्याभ्यासाचा असा लोकसुलभ नमुना भारतीय भाषांत विरळाच. कथा राज्याभिषेकापाशी थांबते. उत्तरकांडातील सीतात्याग त्यांना सांगवला नाही. प्रजेच्या नावाने राजाने घेतलेला तो निर्णय त्यांच्या मनाला पटण्यासारखा नव्हता. आपल्या हातून झालेल्या लोकसेवेत या दोन कथांना ते सर्वांत वरचे स्थान देत असत. तीन-चार सर्वोच्च पदे भोगलेल्या माणसाचा हा निवाडा केवळ विनयाचा मानू नये. पदावरून त्यांनी लोकांना जे दिले, त्यातील बरेच लोकांनी परत केले. ओट्यावरून जे दिले, ते ठेवून घेतले.

१९५९ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला. घोषणा मद्रासला झाली आणि प्रारंभीचे अधिवेशन ऑगस्टमध्ये मुंबईस भरले. परवाने आणि परमिटे यांच्या आधारे चालणाऱ्या राज्यावर त्यांनी जी टीका केली, तिच्यामुळे एक नवा शब्दप्रयोग भारतीय राजकारणात रूढ झाला. सहकारी शेतीला त्यांचा विरोध होता. सरकारने नागरिकाच्या वतीने सर्व काही ठरवू नये, हे या पक्षाचे सूत्र होते. १९३८ आणि १९५३ मध्ये नागरिकाच्या वतीने स्वतःच ठरविणाऱ्या नेत्याच्या तोंडी हे सूत्र आले, याला मतपरिवर्तन म्हणावे की अनुभवाचे फलित, याविषयी मतभेद होऊ शकतील. भाषेच्या प्रश्नावर मात्र त्यांनी आपली भूमिका उघडपणे फिरविली. १९५० नंतरच्या वर्षांत हिंदी ही एकमेव राजभाषा करण्यास त्यांनी जोराचा विरोध केला आणि इंग्रजी चालू ठेवावी म्हणून अखंड लिहिले. १९६७ मध्ये त्यांचा पक्ष द्रविड मुन्नेत्र कळघमच्या जोडीला उभा राहिला, काँग्रेसचा पराभव झाला आणि सी. एन. अण्णादुरै मुख्यमंत्री झाले. तीस वर्षांपूर्वी हिंदीविरोधाच्या चळवळीत अण्णादुरै त्यांच्या सरकारविरुद्ध उभे होते.

या मैत्रीचे फळ सर्वस्वी गोड नव्हते. १९७१ मध्ये करुणानिधींच्या सरकारने दारूबंदी स्थगित करण्याचे ठरविले. नव्वदी ओलांडलेले राजाजी स्वतः मुख्यमंत्र्यांच्या घरी गेले आणि हे करू नये म्हणून त्यांनी विनवणी केली. ती मानली गेली नाही. राज्याच्या तिजोरीला उत्पन्न हवे होते. १९३७ मध्ये सेलममध्ये जो हिशेब त्यांनी मांडला होता, तोच हिशेब उलट बाजूने त्यांच्यापुढे ठेवला गेला.

२५ डिसेंबर १९७२ रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराच्या वेळी वृद्ध पेरियार चाकांच्या खुर्चीतून आले होते आणि त्यांना रडू आवरत नव्हते. मंदिर, जात, भाषा, शिक्षण, यांपैकी एकाही प्रश्नावर दोघांचे जमले नव्हते. १९३८ मध्ये एकाने दुसऱ्याला तुरुंगात पाहिले आणि १९५४ मध्ये दुसऱ्याने पहिल्याला पदावरून जाताना पाहिले. तरीही सेलम आणि ईरोड या दोन नगरपालिकांच्या अध्यक्षांतील स्नेह पन्नास वर्षे टिकला. नळावर कोणी पाणी भरावे, हा प्रश्न दोघांनीही आपापल्या गावात एकाच काळात पाहिला होता. त्याचे उत्तर लोकांसाठी कोणी द्यावयाचे, की लोकांकडूनच घ्यावयाचे, एवढ्यावरून त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मद्रास राज्याचा, आजच्या तमिळनाडूचा, विसाव्या शतकाचा राजकीय इतिहास बऱ्याच अंशी त्या दोन वाटांचा इतिहास आहे.